कमलबाईचं बिनदुधाचं घर

अड्याळहून काकूबाईंचा फोन आला तेव्हा मी वरठीच्या आमच्या घरी मशीनवर ब्लाउज शिवत बसले होते. काकूबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलत्याची बायको, कमलबाईच्या घराच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. "सूनबाई, कमल गेली वं... आंगण सारवत होती, जराशी टेकली, अन उठलीच नाई. शांतपणे गेली, मोठी पुण्यवान." खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. शांतपणे? कमलबाईनं जन्मात कोणतं काम शांतपणे केलं होतं, की आता जातानाच शांतपणा सुचला? तेरवीला आलेलं एकजण तर मला म्हणालं, "गरीब गाय होती बिचारी." मी तिथंच तोडलं त्यांना. गाय? तिच्यासमोर गाईचं नाव काढायची सोय नव्हती आमच्या घरात!

कमलबाई माझी नणंद. नवऱ्याची मोठी बहीण, पण आईच्या जागची. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा गेला, ती माहेरी परत आली, आईवडलांच्या मागं धानाची शेती अंगावर घेतली आणि धाकट्या भावाला वाढवलं. तो वरठीला स्टीलच्या कारखान्यात लागला, मग मला बघून आणलं तेही तिनंच. माझी आई मला लग्नाआधी बजावायची, "सासू नाही म्हणून हुरळू नको पोरी, ही नणंद दोन सासवांना भारी आहे." भारी होतीच. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तळ्याच्या पाळीवरचा माणूस दचकून वळायचा. पण त्या आवाजानं तिनं मला कधी दाबलं नाही, उलट माझ्या पोरीसाठी तो वापरला, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे. कुणाला गोडगोड आठवणी हव्या असतील तर त्यांनी पान उलटावं.

माझी श्रावणी सहा-सात महिन्यांची असताना पहिल्यांदा वाटीभर वरचं दूध पाजलं आणि तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, काही म्हणजे काही द्यायचं नाही. झालं! त्या दिवसापासून जो भेटेल तो डॉक्टर. कुणी म्हणे काळ्या बकरीचं दूध पाजून बघ, कुणी म्हणे नजर आहे, कुणी म्हणे हल्लीच्या पोरींना दूध पाजायचाच कंटाळा. "दूध कधी बाधते का वं? अमृत आहे ते," असं काकूबाई तर येता-जाता ऐकवायच्या. कमलबाई एस.टी.नं आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी मला एकच विचारलं, "डॉक्टरनं नाई म्हटलं?" मी म्हटलं, हो. "मंग नाई. संपली गोष्ट." आणि तिनं स्वतःच्या चहातलंही दूध बंद केलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही कशाला? तर माझ्यावरच खेकसली, "पोरीनं माह्या मांडीवर बसाचं नाई का? माह्या तोंडाचा मुका घ्याचा नाई का?" माझ्या डोळ्याला धार लागली तेव्हा.

आता कॅसरोलची गोष्ट. श्रावणी पाचवीत होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ओव्हनमधून काढलेलं चिकनचं काहीतरी होतं, वर चीज, खाली पांढरा घट्ट रस. सगळ्या पोरी चमचे चाटत होत्या आणि माझी पोर कोपऱ्यात केळं सोलत बसली होती. घरी येऊन मोबाइलवर तिनं ते शोधून काढलं आणि मला न विचारता सरळ आत्याबाईला फोन लावला. "आत्याबाई, मले चिकन कॅसरोल खायाचं आहे. भाज्या टाकलेलं. बिनदुधाचं." पलीकडून बाईचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, "अवं हात्तीच्या! कॅसरोल तर आहे न आपल्या घरी. रविवारी ये, करून ठेवतो... कायले तोंड पाडून राहिली?"

रविवारी आम्ही तिघं मोटरसायकलवर अड्याळला पोचलो तर गल्लीच्या तोंडाशीच वास. टायर जळाल्यासारखा. आत जाऊन बघते तो, चुलीवर बाईच्या लग्नात आहेरात आलेलं पोळ्या गरम ठेवायचं कॅसरोल, झाकणावर कमळ असलेलं! हिरवं प्लास्टिक वितळून चुलीच्या तोंडाशी ओघळत होतं, आणि आत एक अख्खी गावरान कोंबडी, गाजर, बटाटे, वटाणे, सगळं थरावर थर लावून. बाई पदर नाकाला लावून खोकत होती आणि भांड्यालाच शिव्या घालत होती. "नाव मोठं अन आगीपुढं उभं राहाची ताकद नाई! भयताड कुठलं!" माझा नवरा हसून हसून ओट्यावरून खाली बसला. श्रावणीनं बिचारीनं समजावलं की आत्याबाई, कॅसरोल खाण्याचं नाव आहे, आधी भांड्याचं होतं, मग त्यातल्या खाण्याला पडलं. बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे भांड्याचं नाव खाण्याले देल्लं? मंग उद्यापासून मी वरणाले गंज म्हणू का?" गंज म्हणजे आमच्याकडचं वरण शिजवायचं पातेलं. पण हरेल ती कमलबाई कसली. भावाच्या हातात पिशवी दिली, "हसून झालं असन तं जा, दुसरी कोंबडी आण."

आणि मग तिनं ते केलं. मी शेजारी बसून बघितलं, म्हणून मला येतं. चिन्नोर तांदळाची कणी भरपूर पाण्यात गिच्च शिजवली आणि ताकाची रवी, जी कधीची खुंटीला नुसती लटकत होती, ती काढून, घासून पुसून, त्या पेजेत घुसळली. कोंबडीचे तुकडे लसूण, मीठ, मिरी लावून तेलावर परतले, अर्धे शिजवले, आणि त्यातलं पाणी पेजेत ओतलं. बघता बघता असा दाट पांढरा रस झाला की मीच चाखून विचारलं, बाई, नक्की दूध नाही ना? ॲल्युमिनियमच्या गंजाला आतून तेल फिरवलं, बटाट्याच्या चकत्यांचा थर, त्यावर कोंबडी, त्यावर गाजर, फुलकोबी, वटाणे, आणि वरून तो रस. सगळ्यात वर चीजच्या जागी तेलात चोळलेल्या पोह्यांचा चुरा. खाली मंद आच, झाकणावर निखारे. झाकण काढलं तेव्हा पोहे खरपूस तांबूस झाले होते आणि कडेनं रस बुडबुडत होता, अगदी मोबाइलात दिसत होता तसा. श्रावणीनं घास उचलला, तोंडाशी नेला, आणि थांबली. "आत्याबाई, दूध नाई न?" तिची सवयच होती ती, कुठंही गेली तरी. बाईनं तिच्याकडे बघितलं. हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हणाली, "हा प्रश्न माह्या घरी इचाराचाच नाई. इथं तू खाऊन मोकळी होय."

पण जग म्हणजे काही बाईचं घर नाही. त्याच वर्षी काकूबाईंच्या नातवाच्या बारशाला श्रावणीच्या वरणात तूप गेलं. चुकून नव्हे. "एवढुशा तुपानं काय होते, सवय लागली पायजे पोरीले," म्हणून त्यांनी मुद्दाम सोडलं होतं. पोरीला भंडाऱ्याला नेईपर्यंत तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. दवाखान्यातून ती नीट परत आली, आणि कमलबाईनं थेट काकूबाईंच्या अंगणात उभं राहून असा काही आवाज लावला की सगळी आळी बाहेर आली. त्यानंतर लोकांनी शहाणपणा काढला की श्रावणीचं वेगळं करू, वेगळ्या ताटात, वेगळं बसवून. मला तेही पुष्कळ वाटलं होतं. बाईला नाही. "वेगळं कायले? पोरगी बाटली आहे का? तिच्या गंजातलं सगळ्यांले चालते न? मंग सगळे तिच्या गंजातलं खातीन." तेव्हापासून नात्यातलं कुठलंही कार्य असो, बाई आदल्या दिवशी जाऊन चुलीचा ताबा घ्यायची आणि अख्ख्या पंगतीचं जेवण बिनदुधाचं करायची. काहीजणांनी तिला बोलावणं बंद केलं. ती न बोलावता जायची! तिला एवढंच हवं होतं की पोरगी सगळ्यांच्या मधोमध बसून, सगळ्यांचंच, न विचारता खाईल. बाईच्या घरी ती न विचारता खायची, पण भरल्या पंगतीत ते बाईच्या हयातीत काही झालं नाही. श्रावणी विचारायचीच.

आणि ती गेल्यावर काय झालं? तेरवीचा बेत ठरला, खीर, कढी, वरणावर तूप, आणि नैवेद्याला दूध-भात. मी म्हटलं, चालणार नाही. काकूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मेल्या माणसाले दूध-भात दाखवा लागते. पोरीचं वेगळं काढून ठेवू न." वेगळं! बाईच्याच घरात, बाईच्याच तेरवीला! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ज्या माणसाच्या नावानं दाखवता त्याला चालतं का ते तरी बघा, तिनं किती वर्षं दुधाला बोट लावलं नाही. म्हातारी माणसं मला रीत शिकवायला लागली, तरुण बायका माना खाली घालून ऐकायला लागल्या. तेवढ्यात माझा नवरा, जो बहिणीपुढं कधी चार शब्द बोलला नसेल आणि बाकीच्यांपुढं दोनही नाही, तो उठला. दुधाची कॅन उचलून काकूबाईंच्या अंगणात ठेवून आला. "माह्या बहिणीनं माह्या पोरीसाठी कोरा चहा पेला. तिले मी दूध दाखवत नाई. कोणाले उपाशी जायाचं असन तं जा." काहीजण गेले. जाऊ देत. माझा काही जीव खालीवर झाला नाही.

नैवेद्याचं पान मी वाढलं, गंजातल्या कॅसरोलचं. तेरवीला कोंबडी म्हणून आणखी एकदा गहजब झाला, पण आता माझे कान निबर झाले होते. पंगत बसली. श्रावणी मधोमध. वरण आलं, भात आला, वांग्याची भाजी, गुळाची बिनदुधाची खीर. मी वाढता वाढता तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं कुणाकडे मान वर केली नाही, काही विचारलं नाही, सरळ जेवायला लागली. खीर दोनदा मागितली. तेव्हा मात्र मला मागच्या दारी जावं लागलं, आणि फोन आल्यापासून अडलेलं सगळं रडू मी तिथं रडून घेतलं. हे बघायला तू पाहिजे होतीस ना बाई... कायले एवढी घाई केली?

आता लोक म्हणतात, घराला कुलूप घाला, नाहीतर भाड्यानं द्या. मी दोन्ही करणार नाही. आम्ही दर रविवारी अड्याळला जातो, चूल पेटवतो, पेज घुसळतो. मागच्या रविवारी श्रावणी उंबऱ्यात बसून वटाणे सोलत होती आणि काकूबाई आल्या, हातात नेहमीसारखा, नुकतीच धार काढलेल्या दुधानं भरलेला लोटा. मी आतून बघितलं आणि तोंड उघडणार, तेवढ्यात त्या अंगणात थबकल्या. लोटा चपलांपाशी ठेवला. नळावर गेल्या, साबण घेतला, कोपरापर्यंत हात धुतले. मग उंबऱ्यापाशी येऊन दोन्ही ओले तळवे श्रावणीसमोर धरले. "धुतले वं माय मी. पाहून घे." श्रावणीनं वटाणे बाजूला ठेवले, त्यांचा एक म्हातारा हात आपल्या हातात घेतला, नाकाशी नेऊन नीट वास घेतला, मग दुसरा घेतला, त्याचाही घेतला, आणि सरकून जागा केली.

"या आजी. आता आत या."