मन्नूबियाचा उंबरठा

आमच्या गावात घर बांधायला दगड कुणी विकत आणला नाही. जुनं शहर किनाऱ्यावर पडलेलंच होतं. अर्धं समुद्रानं गिळलं, उरलेलं आमच्या आज्या-पणज्यांनी उचललं. माझ्या घराचा कोपरा अजून एका मोडक्या खांबावर उभा आहे आणि मशिदीच्या विहिरीचा काठ कुठल्याशा देवळाचा आहे. पण गल्लीत मान होता तो मन्नूबियाच्या उंबरठ्याला. लांबलचक संगमरवरी दगड, त्यावर समोरासमोर कोरलेले दोन मासे, आणि मधला भाग पाय पडून पडून खोलगट झालेला.

मन्नूबिया माझी शेजारीण. तिचा नवरा स्पंज काढायला पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. तेव्हापासून तिनं ऑक्टोपस दगडावर आपटून मऊ केले, दोरीवर वाळवले, बाजारात विकले आणि तीन मुलं वाढवली. तिच्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणत, आणि ऑक्टोपस घ्यायला तिच्याकडेच येत.

लग्नाच्या सकाळी नवरीनं ताजा मासा पुन्हापुन्हा ओलांडायचा, ही आमच्याकडची रीत. त्यानं दृष्ट लागत नाही, कूस उजवते. गल्लीतल्या प्रत्येक नवरीनं तो मासा मन्नूबियाच्या उंबरठ्यावर ठेवूनच ओलांडला. मीही ओलांडला, माझ्या आईनंही. आता पाळी मन्नूबियाच्या धाकटीची, शादलियाची होती. लग्न गुरुवारी ठरलं होतं.

तेवढ्यात राजधानीतून, ट्यूनिसहून, पुराणवस्तू खात्याचे नूरुद्दीन साहेब आले. पडक्या शहरालगत छोटं संग्रहालय उघडायचं होतं. माणूस वाईट नव्हता. मन्नूबियाकडे बसून पुदिन्याचा चहा प्यायला, दगडाचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग म्हणाला की असे जुने दगड राष्ट्राचे असतात, बदल्यात नवाकोरा उंबरठा घालून देऊ.

"राष्ट्राला माझ्या घरात यायचं असेल तर चपला बाहेर काढून यावं," मन्नूबिया म्हणाली.

साहेब हसले. विषय संपला असं तिला वाटलं, मलाही वाटलं. दोनच दिवसांनी ती मेंदी आणायला बाजारात गेली आणि पाठीमागे पहारी घेऊन माणसं आली. मी आरडाओरडा केला, तर त्यांनी सरकारी कागद नाचवला. ती परतली तेव्हा दारात ओलं सिमेंट होतं. मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिनं त्या ओल्या सिमेंटात मुद्दाम टाच रुतवली आणि मला विचारलं की गुरुवारी बाजारात मासा केवढा मिळेल.

गल्लीतल्या बायका समजूत घालायला आल्या. मासा कुठंही ठेवला तरी मासाच, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्या मुलाची आईही तेच म्हणाली, आणि मीसुद्धा मान डोलावली. मन्नूबिया माझ्यावरच उखडली.

"तू त्या दगडावरून गेलीस, आणि माझ्या पोरीनं सिमेंट ओलांडायचं? का गं, तिला आई नाही?"

गुरुवारी सकाळी भलामोठा मासा परातीत घालून मी डोक्यावर घेतला. पुढं ढोल, मागं जरीच्या जड पोशाखात शादलिया, आजूबाजूला किलकाऱ्या मारणाऱ्या बायका. वरात पडक्या खांबांमधून थेट संग्रहालयाच्या अंगणात शिरली. आमचा दगड तिथं भोवती दोर लावून ठेवला होता. मन्नूबियानं दोर वर उचलला, मी परात उतरवली, मासा त्या दोन कोरलेल्या माशांच्या मधोमध पसरला. पाणी निथळायला लागलं.

साहेब धावत आले. "खालती, काय चालवलंय हे?" खालती म्हणजे मावशी; आमच्याकडे मोठ्या बाईला असंच म्हणतात, रागातही त्यांनी तेवढी रीत पाळली. "दोन हजार वर्षांचा दगड आहे. याला हात लावायची बंदी आहे."

"हात कोण लावतंय? बाजूला हो लेका, नवरी अडली आहे."

शादलिया जागीच थबकली. ती आईकडं बघत होती, साहेबांकडं बघत होती. एवढी वर्षं शेजारी राहून मी मन्नूबियाच्या डोळ्यांत भीती पाहिली ती त्याच क्षणी. पोर मागं सरली असती तर ती मोडून पडली असती. पण शादलियानं जरीचा घोळ वर खोचला आणि मासा ओलांडला. पुन्हा ओलांडला. मग थांबेचना. किलकाऱ्यांनी अंगण दणाणलं. मी तर घसा बसेपर्यंत ओरडले, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

साहेबांचा चेहरा उतरला होता. पोलिसांना कळवावं लागेल, असं ते पुटपुटले, आणि यापुढं फाटकाला कुलूप लावीन म्हणाले. मन्नूबियानं खाली बसून ओढणीच्या पदरानं दगडावरचं पाणी टिपलं, मग गुडघ्यावर हात देऊन उठली.

"दगड ठेव तुझ्याकडं. जड आहे, मी कुठं उचलून नेऊ? पण उंबरठा माझा आहे. ईद झाली की आमच्या गल्लीतल्या सल्हाची पोर येणार आहे लग्नाचा मासा घेऊन. त्या दिवशी कुलूप लावलंस, तर वरात इथंच बसेल, फाटकाशी, आणि जेवायला तुझ्या घरी येईल."