झडतीकाका आणि टाचा चावणारं पिल्लू

आमच्या काकांनी उभी हयात कापडगिरणीच्या फाटकावर काढली. सुटणाऱ्या कामगारांची झडती घ्यायची, हे त्यांचं काम. "खिसे उलटे करा" म्हटलं की समोरचा हात वर करून उभा राहायचा. काका निवृत्त झाले, नजर काही झाली नाही. दूधवाला हसला तरी यांना वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. गल्लीत त्यांना झडतीकाका म्हणत. मीही म्हणायचो, पाठीमागे.

त्यांच्या मुलानं मेंढ्या राखणाऱ्या जातीचं पिल्लू आणलं, तेव्हा काकांनी त्याचे कान, दात, शेपूट सगळं तपासलं आणि "विकणाऱ्यानं फसवलंय" असा निकाल दिला. लवकरच ते पिल्लू त्यांच्या खुर्चीखाली झोपायला लागलं. काका कुरकुरायचे, पण पाय आखडून बसायचे.

पिल्लाला एकच खोड. नात धावली की मागून जायचं, तिला कोपऱ्यात कोंडायचं आणि टाचेला दात लावायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला होता: दात लागले की खेळ बंद, जागच्या जागी उभं राहायचं, चघळायला खेळणं द्यायचं, दमलं की झोपवायचं. वहिनींनी, म्हणजे काकांच्या सुनेनं, सगळं मनापासून केलं. त्यांच्या पायांना ते आता तोंडही लावत नव्हतं. पोरीच्या टाचा मात्र सुटेनात, आणि एके दिवशी रक्त आलं.

"बाबा, पुन्हा रक्त आलं तर पिल्लू या घरात राहणार नाही," वहिनी म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. पण तोंडानं म्हणाले, "त्याला कुणीतरी फूस लावतंय. पोरीचे मोजेही नाहीसे होताहेत. चोर एकच आहे."

मोजे खरंच जात होते. काकांचा पहिला संशय शेजारच्या मास्तरांवर, दुसरा भांडी घासणाऱ्या मावशींवर. तिसरा त्यांनी माझ्या कानात सांगितला: "सुनेला कुत्रं नकोच होतं. मुद्दाम चावरं करतेय." मला भयंकर राग आला. त्या पिल्लाची घाण रोज पुसणारी बाई ती!

दुसऱ्या दिवशी काकांनी मावशींची पिशवी दारातच उलटी केली. डबा, छत्री, चष्मा. मोजा नाही.

"इतकी वर्षं येते मी इथं," मावशी एवढंच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले.

सामान गोळा करायला वहिनी धावल्या, त्यांच्यामागे नात, आणि नातीच्या टाचेमागे पिल्लू. पोरगी किंचाळली. रक्त आलं नव्हतं, पण थोडक्यात वाचली.

"आजोबाच शिकवतात त्याला!" ती हुंदके देत म्हणाली. "मागच्या अंगणात. 'धर चोर, धर चोर!'"

"राखण नको का शिकवायला?" काका चाचरले. पिल्लू आता त्यांच्या फुगलेल्या खिशावर उड्या मारत होतं.

वहिनी पुढं आल्या. "बाबा, खिसे उलटे करा."

काकांचे हात आपोआप वर गेले. खिशातून नातीचा जुना मोजा निघाला, दातांनी चिंध्या झालेला. "हा चिंध्यांच्या गाठोड्यातला आहे," काका पुटपुटले, "बाकीचे मी घेतले नाहीत."

पिल्लू तिथून सुटलं ते थेट काकांच्या खाटेखाली. येताना तोंडात नवा मोजा. तो काकांच्या पायाशी टाकून ते शेपूट हलवत शाबासकीची वाट पाहू लागलं. खाटेखाली उरलेले सगळे होते. नातीच्या मोज्याच्या वासाला धरायचं, एवढंच बिचाऱ्याला शिकवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"पिल्लू राहील," वहिनी म्हणाल्या. "तुमचं 'धर चोर' बंद."

संध्याकाळी काका मावशींच्या घरी जाऊन आले. काय बोलले, कुणालाच सांगितलं नाही.

सकाळी मावशी आल्या. दारात थांबल्या आणि पिशवी उघडून काकांसमोर धरली. पिल्लानं तेवढ्यात काकांचा पायजमा दातांत पकडला होता. काकांनी पाय जराही हलवले नाहीत. पिशवीकडे न बघता, मावशी आत जाईपर्यंत ते भिंतीकडे तोंड वळवून उभे राहिले.