बाबांचं जपानी

आम्ही निघालो त्या सकाळी बाबा खाली आलेच नाहीत. चिंचवडला माहेरच्या सोसायटीच्या फाटकाशी गाडी उभी होती, टपावर बॅगा बांधून झाल्या होत्या, शेजारच्या काकू माझ्या मुलाच्या, अर्णवच्या हातावर दही घालत होत्या. आणि बाबा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला रेलून बघत होते, जणू भलत्याच कुणाचं बिऱ्हाड हलतंय. मी वर जाऊन पाया पडून आले होते. त्यांनी डोक्यावर हात ठेवला होता आणि म्हणाले होते, "पोराच्या भवितव्याचं कारण यापुढे कुणाला सांगू नकोस. पळून चाललीयस, तर पळून चाललेय म्हण. मराठीत त्याला शब्द आहे."

बाबांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. चुकीचा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही, मग तो निबंधात असो की मुलीच्या तोंडी. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि मी एकुलती एक. त्यामुळे मी गेल्यावर त्या घरात येऊन त्यांच्या चुका काढायलाही कुणी उरणार नव्हतं.

शब्द मात्र त्यांनी अचूक पकडला होता. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांनी एकदा आपापल्या मनाशी हे करून बघावं. लोकांना सांगितलेलं कारण बाजूला ठेवायचं आणि खालचं बघायचं. मिलिंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात त्याच्या हाताखालचा माणूस त्याच्या डोक्यावर आणून बसवला होता. माझ्या सासूबाई मी केलेला चहा पाहुण्यांदेखत मोरीत ओतायच्या आणि मोठ्या जावेला म्हणायच्या, "तू टाक गं परत." मला फक्त माझा स्वतःचा ओटा हवा होता. तो पिंपरीत वेगळं बिऱ्हाड करूनही मिळाला असता. पण आपल्यात घरातून वेगळं निघालं की नाव ठेवतात आणि परदेशी निघालं की हार घालतात. मिलिंदला जपानचं, ओसाकाचं पोस्टिंग आलं तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलंही नाही. बँकेतली माझी कायमची नोकरी मी आनंदाने सोडली.

कोबेत घर भाड्याने घेतलं, कारण तिथे डाळ-मसाले मिळतात, डोंगर आणि समुद्र दोन्ही दिसतात, आणि मिलिंदला ट्रेनने ओसाका जवळ. ओटा मिळाला. एवढासा, दोन शेगड्यांचा, पण माझा. पहिल्या दिवशी मी चहा केला आणि एकटीने उभ्या उभ्या प्यायले. तो चहा फार चांगला झाला होता. पुढे त्याच ओट्यापाशी दिवसचे दिवस एकटी उभी राहिले, तेव्हा चहा मोरीत ओतणारंसुद्धा कुणी नाही हे लक्षात आलं. मग मी बाइतो धरली. बाइतो म्हणजे तासांवरची नोकरी. सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला टोपी-मास्क घालून तळलेल्या क्रोकेट्सची, म्हणजे बटाट्याच्या कटलेटांची पाकिटं भरायची. बँकेत माझ्या सहीला किंमत होती. इथे माझं नावही कुणाला नीट उच्चारता यायचं नाही, म्हणून छातीवरच्या पट्टीवर त्याचा अर्धाच भाग लिहिला होता.

अर्णव तीन वर्षांचा होता. पाळणाघरात पहिल्या सहलीला मी त्याला मेथीचा पराठा दिला. डबा तसाच परत आला. दुसऱ्या वेळी डबा रिकामा आला, पण पराठा बॅगेच्या तळाशी होता. मुलांनी नाकं धरली होती आणि त्याचं नाव 'कारे' ठेवलं होतं. कारे म्हणजे करी. बाईंनी मुलांना समजावलं, मला वाकून वाकून सॉरी म्हटलं, आणि पुढच्या वेळेसाठी सँडविच सुचवलं. शाळेत जायला लागला तसा तो आरु-कुन झाला, इथे मुलग्यांच्या नावाला 'कुन' जोडतात. एकदा फाटकाशी मी त्याला "ये रे राजा" म्हटलं तर तो माझ्याकडे न बघता जपानीत म्हणाला, "ते बाहेर बोलू नकोस." मग मी बाहेर बोलणं बंद केलं. पुढे घरातही तो जपानीतच उत्तर द्यायला लागला. मी दमून आलेली असायचे. त्याला मराठीत आणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा माझ्याकडे नसायचा. बघता बघता मराठीच्या मास्तरांचा नातू मराठीत मुका झाला.

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. बाबा विचारायचे, "काय रे, अभ्यास कसा चाललाय?" अर्णव स्क्रीनकडे न बघता "मो ई?" म्हणायचा. म्हणजे, झालं का, जाऊ का? मी बाबांना सांगायचे, "तुम्ही बरे आहात ना, विचारतोय." बाबा मान डोलवायचे.

आणि एका वर्षी ते आले. तीन महिन्यांचा व्हिसा, एकटे, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. विमानतळावर अर्णव माझ्या मागे उभा होता. बाबा त्याच्यासमोर आले, कमरेत वाकले आणि सावकाश, एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत, स्वच्छ जपानीत म्हणाले, "आरु-कुन, किती मोठा झालास. तुला भेटायची फार वाट पाहत होतो."

मी बघतच राहिले. चिंचवडमध्ये पोरांच्या क्लासला जाऊन ते दोन वर्षं जपानी शिकत होते. कॉलेजची मुलं त्यांना आजोबा म्हणायची आणि ते पहिल्या बाकावर बसायचे. मला कळू दिलं नव्हतं. गाडीत ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुझी भाषांतरं गेलं वर्षभर ऐकतोय. मूळ मजकुरापेक्षा बरी असतात."

पहिले दिवस फार सुंदर गेले. अर्णव चकित झाला होता. आजोबांचं जपानी बातम्या सांगणाऱ्या माणसासारखं आहे म्हणून हसायचा, पण बोलायचा. बाबा त्याला बेसबॉलचे नियम विचारायचे, तो चादरीवर पेन्सिली मांडून समजवायचा. मी ओट्यापाशी उभी राहून दोघांचं ऐकायचे. आमच्या घरात इतकं बोलणं कधी झालंच नव्हतं. कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा हे बाबांनी शेजारच्या आजींकडून शिकून घेतलं आणि मिलिंदच्या चुका काढायला लागले. रोज बजावायचे, "बाटलीचं झाकण वेगळं." मिलिंद हसून घ्यायचा. मला वाटलं, इथून पुढे सगळं ठीक होईल.

अर्णवच्या टीमचा सराव नदीकाठच्या मैदानावर असायचा. बाबांना बघायचं होतं. अर्णव नको म्हणाला. का, ते नीट सांगेना. मिलिंद म्हणाला, "पोरांना नाही आवडत या वयात." बाबा म्हणाले, "लांबून बघीन." त्या रविवारी मी त्यांना घेऊन गेले. थंडी होती. बाबांनी आईने विणलेला तपकिरी स्वेटर आणि कानटोपी घातली होती. मैदान यायच्या आधीच्या चौकात मी पाणी घ्यायला कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. पैसे देऊन दारापर्यंत येते तो सराव संपवून मुलं सायकलींवरून आली आणि बाबांसमोरच सिग्नलला थांबली. अर्णव त्यांत होता. बाबांनी हात वर केला. तोंडभर हसले.

एका मुलाने अर्णवला विचारलं, "ओळखीचे आहेत?"

अर्णवने बाबांकडे बघितलं. कानटोपीकडे बघितलं. म्हणाला, "नाही. शिरानाइ हितो."

शिरानाइ हितो म्हणजे अनोळखी माणूस. इथे मुलांना अगदी लहानपणी शिकवतात हा शब्द. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वीचे असते, तर त्यांना काही कळलं नसतं. त्यांनी हसत हसत हात हलवला असता आणि संध्याकाळी मला सांगितलं असतं, पोरगा मित्रांत रमलाय. पण ते दोन वर्षं पहिल्या बाकावर बसले होते. वर उचललेला हात त्यांनी तसाच खाली आणला, मुलांसमोर किंचित वाकले आणि त्यांच्या त्या बातम्यांच्या जपानीत म्हणाले, "माफ करा. स्टेशन कुठल्या बाजूला आहे?"

मुलांनी हात दाखवला. अर्णवनेही दाखवला. बाबांनी आभार मानले आणि त्या दिशेने चालायला लागले. आमचं घर बरोब्बर उलट बाजूला होतं.

मी त्यांच्यामागे धावत गेले. स्टेशनसमोरच्या बाकावर ते बसले होते, कानटोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी शेजारी बसले. तेच म्हणाले, "रस्ता बरोबर दाखवला पोराने."

घरी आल्यावर मी अर्णवच्या कानाखाली मारली. पुन्हा हात उचलला तर बाबांनी तो धरला. "हात खाली कर," ते मराठीत म्हणाले. "खोटं काय बोलला तो? हेच शिकवायला तू त्याला एवढ्या लांब आणलंस." अर्णव गाल धरून जपानीत ओरडला, "तुम्हाला काय माहितीय सगळे मला काय म्हणायचे! आता कुठे नाही म्हणत!" बाबांनी त्याला जपानीत विचारलं, "काय म्हणायचे?" तो म्हणाला, "कारे." आणि रडायला लागला. बाबा त्याला जवळ घेतील असं मला वाटलं. त्यांनी घेतलं नाही.

मिलिंद संध्याकाळी आला, सगळं ऐकून म्हणाला, "मुलं असतात अशी, एवढं मनावर नका घेऊ." मग हळूच मला म्हणाला, "पण कानटोपी घालून जायची काय गरज होती?" भिंती पातळ असतात इथल्या.

व्हिसा बराच शिल्लक असताना बाबा परत गेले. राहिलेल्या दिवसांत ते अर्णवशी फक्त मराठीत बोलले. "जेवलास का?" "दार लाव." तो माझ्याकडे बघायचा, मी सांगायचे, बाबा थांबायचे. विमानतळावर त्याने मान खाली घालून "गोमेन" म्हटलं. म्हणजे, चुकलो. बाबा म्हणाले, "असू दे." आणि बॅग ओढत आत गेले. नंतर रविवारचे कॉल कमी कमी होत गेले. मी केला तर उचलायचे, तब्येत सांगायचे, ठेवायचे. मी दोनदा चिंचवडला जाऊन आले. दोन्ही वेळा माझ्यासाठी पाहुण्यांच्या कपात चहा आला. मी परत येऊन राहू का, असं एकदा विचारलं. "कुणासाठी?" बाबांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

आज अर्णव सोळा वर्षांचा आहे. उंच आहे, अबोल आहे, दार लावून बसतो. मिलिंदची नोकरी कायम झाली, आता नागरिकत्व घ्यायचं म्हणतोय. सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगतात, आमची धाकटी सून जपानला असते.

यंदा संक्रांतीला कोबेतली मराठी माणसं एका हॉलमध्ये जमली होती. तिथे पल्लवी नावाची नवीन मुलगी भेटली. चिंचवडची, शिकून नर्स झालेली, इथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला आलेली. तिचं जपानी ऐकून सगळे थक्क झाले. "सरांमुळे," ती म्हणाली. "आमचे टिळेकर सर. घरीच शिकवतात, जपानला येणाऱ्या मुलांना. शिस्त फार, पण जीव लावतात."

मी म्हटलं, "मी त्यांची मुलगी."

ती गोंधळली. "पण सर तर म्हणाले, त्यांचं कुणीच..." एवढं बोलून तिने जीभ चावली. ती चांगली पोर आहे. अवघडलेपण घालवायला तिने लगेच व्हिडिओ कॉल लावला. "सर, बघा कोण भेटलं!"

बाबा दिसले. मागे माझी खोली होती, तिथे आता फळा लावलाय, समोर मुलं बसलेली असणार. मला म्हणाले, "बरी आहेस?" मी म्हटलं, "हो." मग त्यांनी फोन पल्लवीला द्यायला सांगितलं आणि तिच्याशी जपानीत बोलायला लागले. थंडी फार आहे का, पायमोजे जाड घेतलेस ना, रात्रपाळी असली तर आधी जेवून जात जा, कुणी टाकून बोललं तर मला सांग. ते आता बातम्यांचं जपानी राहिलं नव्हतं. घरातलं झालं होतं. ओट्यापाशी उभं राहून ऐकावं असं. मी तिथेच उभी राहिले, हातात तिळगुळाची वाटी घेऊन, फोन ठेवेपर्यंत.

परत कधी येणार, असं तिकडचे विचारतात. इकडचे विचारतात, घरी जाऊन आलात का. मी दोघांनाही बघू म्हणते. घर म्हणजे जिथे आपल्याला रागावतात, असं मी आता मानते. त्या हिशेबाने मला घर नाही. चिंचवडला मला पाहुणीचा चहा मिळतो आणि कोबेला भाड्याची जागा आहे.

निघताना पल्लवी माझ्याजवळ आली. तिचा मुलगा तीन वर्षांचा आहे, तिच्या आई-वडिलांकडे ठेवलाय. इथली मोठी परीक्षा पास झाली की त्याला आणता येईल. सर म्हणतात, तुम्ही जा, पण पोरांना नेऊ नका. "ताई, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "आणू का त्याला?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नाही म्हणणं मला जमलं नाही.

"आण," मी म्हटलं. "फक्त तुझ्या आई-वडिलांना जपानी शिकू देऊ नकोस."

तिला वाटलं मी गंमत करतेय. ती डोळे पुसून हसली, आणि चपला घालायला खाली वाकली.