टेनर कुठं गेला?

“चाचा, त्या आजोबांचा आवाज तेवढा काढा. लय बेसूर हाय. यूट्यूबवर लाज जाती.”

रोहन माझ्या कानाशी येऊन हे कुजबुजला तेव्हा सकाळी आठची उपासना निम्मी झाली होती. सांगलीतल्या त्या चर्चमध्ये शेवटच्या बाकामागे मी मिक्सर मांडून बसलो होतो. माझा धंदा साऊंडचा. लग्नं, उरूस, जयंत्या, सभा सगळीकडे माझे बॉक्स जातात आणि रविवारी चर्चमध्ये.

तिथं दोन उपासना होतात. आठची जुन्या लोकांची. गीतपुस्तक, पायाने हवा भरायची पेटी आणि मोजून सात-आठ माणसं. साडेदहाची तरुणांची. ड्रम, गिटार, कीबोर्ड, पडद्यावर शब्द आणि उभं राहायलाही जागा नाही. गाण्यांवरून भांडणं नकोत म्हणून पाळकसाहेबांनी ही वाटणी करून दिली होती. भांडणं मिटली खरी, पण आजोबा आणि नातवंडं आता फाटकातच भेटायची. एक बाहेर पडताना, एक आत येताना.

रोहन साडेदहाच्या बँडचा म्होरक्या. दोन्ही उपासनांचं लाइव्हही तोच बघायचा. आठच्या लाइव्हला बघणाऱ्यांचा आकडा कायम एक असायचा. तो रोहनचाच दुसरा मोबाइल असणार, असं मी धरून चाललो होतो. मग लाज नेमकी कुणापुढं जात होती, देव जाणे.

आजोबा म्हणजे शामुवेल मास्तर. ऐंशी ओलांडलेले, दुसऱ्या बाकावर एकटेच बसायचे. सगळ्यांचं गाणं एकत्र पकडायला छताला एक माइक टांगला होता आणि मास्तर नेमके त्याच्याखाली. मी हेडफोनवर नीट ऐकलं. सगळे एक चाल म्हणत होते, मास्तर भलतीच. रोहनचं मला पटलं. त्या माइकचा फेडर मी खाली ओढला. फेडर म्हणजे मिक्सरवरची सरकणारी पट्टी, एका बोटाचं काम. लाइव्हवर फक्त पेटी उरली.

उपासना संपल्यावर रोहनने मास्तरांना गोडीत सांगितलं, “मास्तर, तुम्ही मनातल्या मनात म्हणत जा.”

मास्तरांनी चष्मा पुसला. “बरं,” एवढंच म्हणाले आणि काठी घेऊन निघाले.

दुपारी मला फोन आला. लाइव्हच्या खाली तक्रारीसाठी माझाच नंबर टाकलेला होता, पण आजवर कुणी फिरवला नव्हता.

“आवं, तुमी चर्चचं साऊंडवाले न्हवं? मी कोयनानगरवरनं एस्तेर बोलतीया. टेनर कुठं गेला?”

“काय कुठं गेलं?”

“शामुवेल. आज त्याचा आवाजच न्हाई. बरा हाय न्हवं? का गेला?”

मास्तर ठणठणीत आहेत, असं मी घाईघाईने सांगितलं. मग आवाज का नव्हता, हे आलंच. मी “टेक्निकल” म्हणून बघितलं. बाई जन्मभर मिशन दवाखान्यात नर्स होत्या, असल्या थापा त्यांनी ढीगभर ऐकल्या असणार. “खरं सांगा,” म्हणाल्या. मी सांगितलं, बेसूर वाटत होते म्हणून बंद केला.

बाईंनी मला तिथंच अडवलं.

“बेसूर न्हाई वो त्यो. टेनर म्हणतोय.”

मग त्यांनी मला समजावलं. बोर्डिंगच्या शाळेत ही गाणी चार चालींत शिकवायचे. सोप्रानो म्हणजे सगळ्यांना पाठ असते ती चाल. तिच्याखाली बायकांची आल्टो, मग पुरुषांची टेनर, आणि तळाला बास. चारही एकदम म्हटल्या की गाणं भरतं. नुसती एक वेगळी काढून ऐकली तर चुकल्यासारखी वाटते.

“चौघं आमी एका बाकावर बसायचो. सोप्रानो आन् बास वारली. मला पोरानं हिकडं आणलं. त्यो एकलाच ऱ्हायला, पर आपली चाल सोडली न्हाई त्यानं. मी हितं मोबाइल लावून आल्टो म्हणती. सोप्रानो बाकीची म्हणत्यात, आमच्या दोन चाली मिळाल्या म्हंजी बासापुरतंच गाणं उणं ऱ्हातंय.”

मी मिरजेचा. माझे आजोबा तंबोरे बनवायचे. तीस वर्षं मी कानावर पोट भरलं आणि मला हे ऐकू आलं नाही. फार लाज वाटली. रात्री जेवताना मी टीव्ही चालू ठेवतो. बघत नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. त्या दिवशी तो मध्येच बंद पडला असता तर कसं झालं असतं, हे मला चांगलं कळत होतं.

मी बाईंना म्हटलं, मागच्या एखाद्या रविवारचं गाणं लावा, त्याच्याबरोबर तुमची चाल म्हणा, आणि सुनेच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. बुधवारी ते आलं. मी दोन्ही आवाज एकमेकांखाली लावले. तंतोतंत बसले.

शनिवारी प्रॅक्टिसच्या वेळी मी ते रोहनला आणि पाळकसाहेबांना ऐकवलं.

रोहन डोकं धरून बसला. “चाचा, ही तर हार्मनी हाय! आमी ह्यासाठी मशीनवर बटण दाबतो.”

ते खरं होतं. त्यांच्या बँडमध्ये एकाच गाणाऱ्याच्या आवाजाला दुसरा खोटा आवाज जोडायचं यंत्र होतं.

“पण मास्तर बोलले का न्हाईत?” रोहन म्हणाला.

“आपण विचारलं होतं का?” पाळकसाहेब म्हणाले.

रविवारी रोहन आठच्या आधी हजर. “सलाम मास्तर. चुकलं माझं. मोठ्यानं म्हणा.”

“आरं, मला वाटलं सगळ्यास्नी म्हाईत हाय,” मास्तर म्हणाले.

मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि ते जुळवलेलं गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटले, हाताने बाकावर ठेका धरला. गाणं संपलं तरी हेडफोन काढेनात.

“एस्तेर,” म्हणाले. “अजून घाई करती.” गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. “तिला माझं ऐकू जातं?”

“जातं. पण लाइव्ह जरा उशिरा पोचतं. वीसेक सेकंद.”

“आन् मला तिचं?”

“ते जमत नाही मास्तर. तिचा आवाज इथं येईपर्यंत तुम्ही पुढच्या कडव्यावर असणार.”

मास्तरांनी विचार केला. “मग मी दर कडव्याला थांबतो. तिला गाठू दे.”

थांबून काही होणार नाही, तिकडे ते थांबणंही तितकंच उशिरा पोचणार, हे सांगायला मी तोंड उघडलं. रोहनने माझा हात दाबला. मी “बरं” म्हटलं.

आता आठच्या उपासनेत प्रत्येक कडव्यानंतर पेटी थांबते. मास्तर मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहतात. बाकीची सात माणसं खाली मान घालून वाट बघतात. रस्त्यावरून एसटी गेलेली ऐकू येते. आमच्या धंद्यात लाइव्हवरची शांतता म्हणजे बिघाड. मी फेडरला हात लावत नाही.

कोयनानगरहून मध्ये परत फोन आला. या वेळी तक्रार नव्हती.

“शामुवेल आता मधी मधी थांबतोय. बरं झालं. मला दम घ्यायला मिळतोय.”

लाइव्हचा आकडा अजून एकच असतो. मी एवढंच शिकलो की आकडा एक दिसला, तर तो आपलाच दुसरा मोबाइल समजू नये. पलीकडे कुणीतरी आपली चाल धरून बसलेलं असतं.