तिसऱ्या मजल्याचं पाणी

"काटा खोटं नाय बोलत, साहेब. पन तो फक्त इथलं बोलतो."

पंपघरातल्या प्रेशरच्या काट्यावर टिचकी मारून काका हे म्हणायचे आणि जिन्याकडे निघायचे. मागे कारखान्याचा मॅनेजर, त्याच्या मागे वही घेऊन मी. पंपापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पाणी पोचलेलं पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून तुम्ही गेला असाल, तर फाटकाफाटकावर सुरक्षेचे रंगीत फलक पाहिले असतील. हेल्मेट घातलेली हसरी माणसं. पण आत छताला लावलेले स्प्रिंकलर वेळ आली तर खरंच पाणी सोडतील का, हे जिने चढून बघणारी माणसं थोडी. काका त्यांतले. आगीचे पंप बसवणं आणि तपासणं हे त्यांचं काम. बोईसरच्या आमच्या लहानशा ऑफिसात ते सगळ्यांत जुने होते आणि मी त्यांचे रिपोर्ट टाइप करणारी, सगळ्यांत नवी.

मूळचे सातपाटीचे. तरुणपणी बोटीच्या इंजिनावर होते, त्यामुळे बंद पंपाशीही बोलायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीन पंप दाखवले. "ह्यो धाकला. पाइपातलं प्रेशर जरा उतरलं की धावतो. त्याला झेपलं नाय तर मधला उठतो, विजेवरचा. लाइट गेली तर थोरला, डिझेलवाला. तो उठायला कुरकुरतो, पन एकदा उठला की कोनाचं ऐकत नाय."

"म्हणजे घरासारखंच," मी म्हणाले.

"घरात थोरला उठतच नाय, बाय," काका म्हणाले. ते स्वतः थोरले होते.

माझे वडील सालवडला राहून कारखान्यात काम करायचे. युनियनच्या गेट मीटिंगच्या पत्रकांच्या घड्या आमच्या घरात पडायच्या. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे माझा राग कायम तयार असे, फक्त कारखान्याचं नाव भरायचं बाकी. काकांना याची गंमत वाटे. "तुझा थोरला लगेच उठतो," म्हणायचे.

एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) आम्ही तपासणीला गेलो. पंपघरात सगळं झकास. तिन्ही भाऊ हाकेला उठले. मॅनेजर म्हणाला, "काका, प्रेशर तो है ना? सही मारो, चाय पियो." काकांनी टिचकी मारली, आपलं वाक्य म्हटलं आणि तिसरा मजला गाठला.

तिथे पॅकिंग खातं होतं. चाळीसेक बायका, छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके आणि बाहेर पडायला एकच जिना. काकांनी टोकाचा तपासणीचा नळ उघडला. बोटभर धार आली, बारीक झाली, थांबली. खाली पंप जागचा हललादेखील नाही. काका जिन्याच्या वळणावर आले. त्या मजल्याचं पाणी सोडणारा चाकाचा वॉल्व्ह तिथे होता. पूर्ण बंद.

जेवणाच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर बसून मी वहीच्या मागच्या पानावर पत्रक लिहिलं. 'चाळीस बायांचं पाणी मालकानं तोडलं!' आणि काकांना वाचून दाखवलं.

"अक्षर झ्याक हाय," ते म्हणाले. "वर जाऊन इचारलंस, कोनी बंद केला?"

"विचारायचं काय त्यात? मालकाशिवाय कोण करणार?"

"मग तू पन काटाच बघितलास. चल."

वर बायका डबे खात होत्या. काका दाराशीच खाली बसले, कुणाच्या तरी डब्यातलं सुकट मागून घेतलं, सातपाटीचं नाही म्हणून नावं ठेवली. बायका हसल्या. मग काकांनी सरळ विचारलं. हसणं थांबलं. डबा बाजूला ठेवून रंजना नावाची एक बाई उभी राहिली.

"मी केला, काका. वरचा सांधा गळत होता. खोके भिजायचे, बोलणी आमाला बसायची. तीनदा तक्रार दिली. सुपरवायझर म्हनतो, खोके सरकवा. मग मी चाक फिरवलं, गळती थांबली. मला वाटलं तेवढंच बंद झालं." तिनं दाराकडे एकदा बघून घेतलं. "माझं नाव लिवू नका. घरात मी एकटीच कमावती हाय."

मी वहीचं ते पान हाताखाली झाकलं.

खाली मॅनेजरला नावच हवं होतं. "कोणी केलं ते सांगा. आजच काढून टाकतो. आणि तुम्ही रिपोर्ट ओके करा."

काकांनी तक्रारवही मागवली. तीन नोंदी होत्या, तिन्हींपुढे उत्तराची जागा कोरी. त्यांनी मला रिपोर्ट सांगितला: तिसऱ्या मजल्यावर पाणी नाही. वॉल्व्ह बंद. कारण, सांधा गळत होता; तीन तक्रारी, दुरुस्ती नाही.

"आणि नाव?"

"का बंद झाला ते मी लिवलं. चाकावर हात कोनाचा व्हता, त्याला ह्या कागदावर जागा नाय."

"सही करणारे बोईसरमध्ये पन्नास मिळतील, काका."

"मिळतील ना. पन आग लागली तर पानी बी त्यांच्या सहीतनंच काडा."

मॅनेजर लाल झाला. मला वाटलं, गेलं हे काम. पण तीन तक्रारींचा तो कागद त्याला वर पाठवताही येईना आणि फाडताही येईना. दुसरी प्रत माझ्या हातात होती. चौथ्या दिवशी फोन आला, सांधा बदलला, या.

पत्रक मी फाडलं नाही. दुरुस्त केलं. मालकानं पाणी तोडलं हे खोटं होतं, तीनदा सांगूनही ऐकलं नाही हे खरं होतं. खरं तेवढंच छापलं आणि फाटकावर वाटलं. राग तेवढाच होता, या वेळी तो योग्य दारावर धडका देत होता.

फेरतपासणीला काकांनी रंजनाला बोलावलं. "तूच उघड." तिनं दोन्ही हातांनी चाक फिरवलं. मग टोकाचा नळ उघडला आणि खिडकीबाहेरच्या पाइपातून काळं, कुजकट पाणी अंगणात कोसळलं. घंटा वाजू लागली, खाली पंप घुमला. बायका नाकाला पदर लावून खिडकीत गर्दी करून ओरडत होत्या. खाली उभ्या मॅनेजरचे बूट भिजले, तेव्हा तर टाळ्याच पडल्या. हळूहळू पाणी स्वच्छ झालं. काकांनी प्रत्येकीला वॉल्व्हपाशी नेऊन उघडा कसा ओळखायचा, बंद कसा, ते दाखवलं. मॅनेजर घड्याळ बघत राहिला. जुना रिपोर्ट काकांनी नव्याच्या खाली तसाच फायलीत ठेवायला लावला.

काका आता नाहीत. आधी गुडघ्यांनी जिने सोडले, मग एका पावसाळ्यात थोड्याशा तापानं ते गेले. मधल्या काळात मी तपासणीचा कोर्स केला. आता तपासणीला मीच जाते.

यंदा त्या कारखान्यात गेले. जिन्याच्या वळणावर वॉल्व्हला साखळी होती, आणि दोरीनं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर जाड पेनानं लिहिलं होतं: 'उघडा आहे. दर सोमवारी बघतो.' खाली बायकांची नावं, वेगवेगळ्या अक्षरांत, एक खोडून पुन्हा नीट लिहिलेलं. सगळ्यात वर, चार पायऱ्या खालूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, रंजनानं स्वतःचं नाव आडनावासकट लिहिलं होतं.