बघणाऱ्याचे डोळे

पडद्यावर भलीमोठी काळी आकृती आली, तेव्हा मी जाणकारासारखा म्हणालो, "चित्र फारच अंधूक आहे हो." ती माझीच सावली होती. मी प्रोजेक्टरच्या पुढ्यात उभा होतो.

प्रोजेक्टर दाखवणारा विक्रेता हसला नाही. त्याने मला दंडाला धरून बाजूला केलं. मोखाड्याच्या पाड्यांवर पडदा लावून सिनेमे दाखवणारा हा माणूस जव्हारच्या बाजारात प्रोजेक्टर विकायचाही. नाव मी विचारलंच नाही. बोलताना तो खांद्यावरच्या मऊ फडक्याने भिंग पुसत राहायचा.

असं यंत्र आम्ही आयुष्यात एकदाच घेणार होतो, म्हणून माहितीपत्रकं वाचून मी डीएलपी जातीचा प्रोजेक्टर आधीच ठरवून आलो होतो. त्याचा काळा रंग खरा काळा, चित्र गुळगुळीत. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या, एलसीडी प्रोजेक्टरच्या चित्रात जवळून बारीक जाळी दिसत होती.

"घरात जास्त कोन बघनार?" त्याने विचारलं.

"बायको."

"मंग त्यांना बसवा. तुमचे डोळे कशाला?"

दाराशी पिशवी धरून उभी असलेली बायको खुर्चीत बसली. त्याने तिला नजर भराभर इकडून तिकडे फिरवायला सांगितली. डीएलपीवर तिला पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल-हिरवे पट्टे दिसले. मला काहीच दिसेना.

"काहींना दिसतात," तो म्हणाला. "जाळी दोन पावलं मागं बसलं की जाते. हे रंग नाय जायचे."

आम्ही एलसीडी घेतला. माहितीपत्रकं मी तिथेच विसरलो.

एसटी स्टँडवर बायको म्हणाली, "तुम्ही मला बघायला आलात ना, तेव्हा हा माणूस हवा होता. मला काय दिसतंय, ते कुणी विचारलंच नाही."