समुद्राची ओटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाहीये. आईला नाही. माझ्या मैत्रिणीला पण नाही, आणि तिला तर मी डब्यात कुठली भाजी होती इथपासून सगळं सांगते. तू आमच्या गल्लीत राहत नाहीस, म्हणून तुला सांगतेय. मध्ये थांबले तर डिलीट करीन — आधी दोनदा केलंय — म्हणून एका दमात टाइप करतेय, चुका दिसल्या तर सोडून दे.

मी ट्रिपा नेते, वन-डे. नाशिकला द्वारका चौकाजवळ छोटं ऑफिस, आमचे सर, दोन गाड्या आणि मी. सगळ्यात चालते ती 'राजवाडे आणि समुद्र'. पहाटे द्वारकाहून निघायचं, त्र्यंबकवरून घाटाघाटाने जव्हार. तिथे आधी जुन्या राजवाड्याच्या पडक्या भिंती, मग टेकडीवरचा मोठा राजवाडा, मग खाली उतरून डहाणूचा समुद्र, तिथेच जेवण, आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. माइक माझ्या हातात. मी बोलत सुटले की गाडीत कुणी झोपत नाही. लोक परत जाताना माझा नंबर घेतात. मी यात चांगली आहे — हे आधी का सांगतेय मी? ऐकून बरं वाटावं म्हणून असेल. जाऊ दे.

आमच्याकडे जोडीची पद्धत आहे. ही माझीच आयडिया, शाळेच्या सहलीतून उचललेली. गाडी सुटताना मी माणसं मोजत नाही. मोजताना कोणीतरी हलतं, कोणी वाकून चप्पल शोधतं, आकडा चुकतो. त्यापेक्षा सकाळीच जोड्या लावायच्या. नवरा-बायको, दोघी बहिणी, कोणी एकटा-एकटा असेल तर ते दोघं. मी माइकवर ओरडते, "जोडी?" प्रत्येकाने शेजारी बघायचं आणि म्हणायचं, "आहे." कोणी गप्प राहिलं तर कळतं. आणि माणसं विषम निघाली, एक जण उरला, तर त्याची जोडी माझ्याबरोबर. सरांना इतकं आवडलं हे की दुसऱ्या गाडीवर पण सुरू केलं.

त्या दिवशी उरल्या होत्या सुमनकाकू.

सुमनकाकू आमच्या मागच्या गल्लीत राहतात, मखमलाबाद रोडला. घरामागे त्यांचं फुलांचं रान आहे, शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. पहाटे स्वतः फुलं तोडून स्वतः बाजारात बसायच्या. काका गेल्यावरही बसायच्या. मुलगा प्रवीणदादा ओझरला कारखान्यात कामाला, तो म्हणायचा आई आता बस कर, तर म्हणायच्या, "घरात बसून काय तुझं तोंड बघू?" गल्लीतल्या प्रत्येक पोरीचं बारसं, दहावी, लग्न — सगळं त्यांना तोंडपाठ. मी लहानपणी त्यांच्या रानातून फुलं चोरायचे, तेही पाठ होतं. रस्त्यात भेटल्या की लोकांसमोर विचारायच्या, "काय गं चोरटे, कुठं चाललीस?"

त्यांनी समुद्र बघितला नव्हता. साठी उलटली, आणि बघितलाच नव्हता. मीच मागे लागले. काकू चला, मी आहे ना, तुम्हाला पुढची सीट देते. प्रवीणदादाला पण मीच पटवलं. "माझ्या जबाबदारीवर नेते," म्हटलं. हे शब्द माझेच.

येताना त्या दोन पिशव्या घेऊन आल्या. एकीत गाडीतल्या सगळ्या बायकांना शेवंतीच्या वेण्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. दुसरीत ओटी. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. आपण गोदामाईची भरतो ना, तशी समुद्राची भरायची होती त्यांना. मी लगेच गाइडगिरी केली. म्हटलं, काकू, गोदावरी या समुद्राला जातच नाही, ती पार तिकडे पूर्वेला जाते. तर म्हणाल्या, "तुला शाळेत सांगितलं आसन तसं. पुढं जाऊन पाणी सगळं एकच होतं ना?"

मी हसले होते. माइकवर सांगून सगळ्या गाडीला पण हसवलं.

आता येते तिथे. येतेच.

टेकडीवरच्या राजवाड्यात मी सगळ्यांना सांगितलं, अकराला गाडीपाशी या. काकूंना पण सांगितलं, अकरा. मग ड्रायव्हर शिवादादाने फोनवर कोणालातरी विचारलं आणि मला म्हणाला, ताई, ओहोटी लवकर आहे, उशीर केला तर पब्लिकला नुसता चिखल दिसेल. म्हणून मी ग्रुपवर टाकलं, साडेदहाला निघतोय, पटापट या. सगळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. काकूंचा फोन बटणांचा, आणि तोही त्यांनी गाडीतच, वेण्यांच्या पिशवीत ठेवला होता. त्यांना जाऊन सांगायचं काम माझं होतं — जोडी माझी होती. पण मी गच्चीवर होते. रील करत होते. राजवाड्याच्या गच्चीतून खाली अख्खी दरी दिसते, धुकं नुकतं निघालं होतं, आणि मला तो शॉट नीट मिळत नव्हता. चार वेळा केला.

मग पळत खाली आले, गाडीत चढले, माइक घेतला. "जोडी?" सगळे ओरडले, "आहे." शिवादादाने मागे वळून विचारलं, "तुझी?"

मी फोनमध्ये बघत म्हणाले, "आहे आहे, चल."

माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मान वळवायची होती फक्त.

खूप पुढे गेल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. काकू. राजवाड्याच्या रस्त्यावर चहाची टपरी आहे, त्या टपरीवाल्या बाईच्या फोनवरून. "आगं मी अकराच्या आधीच आले, तर गाडीच नाय. कुठं लावली?" आवाजात राग नव्हता. गाडी दुसरीकडे लावली असेल, असं वाटत होतं त्यांना.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली होती, आणि ती मी दाबून ठेवली. त्यांचा फोन माझ्या शेजारी पिशवीत होता. म्हणजे माझा नंबर त्यांनी पाठ केला होता. आजकाल कोणाला कोणाचा नंबर पाठ असतो? मला तर आईचा पण नाही.

परत फिरलो असतो तर समुद्र गेला असता सगळ्यांचा. सरांना कळलं असतं. मी म्हटलं, काकू, तिथेच बसा, येताना घेतो तुम्हाला. त्या म्हणाल्या, "बरं. ये सावकाश."

तोवर मागून कोणीतरी विचारलं, त्या फुलंवाल्या मावशी कुठेत? आणि मी माइक घेऊन — हे मला कोणी बोलायला लावलं नव्हतं — मी माइक घेऊन म्हणाले, "काकूंना दोनदा वेळ सांगितली होती, पण त्यांचं जरा आता... विसरतात. टपरीवर सेफ आहेत, काळजी करू नका." एक बाई म्हणाली, "आमच्या सासूबाई तर चष्मा लावून चष्मा शोधतात." गाडी हसली. त्यांच्याच वेण्या केसात माळून हसली. मी पण.

समुद्रावर मी सगळ्यांचे फोटो काढले. पाणी भरलेलं होतं, आम्ही वेळेत पोहोचलो होतो. ओटीची पिशवी सीटवर दिसत होती, ती मी पायाने सीटखाली सरकवली.

संध्याकाळी काकू टपरीच्या बाकावर बसलेल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. टपरीवाल्या बाईने त्यांना तिच्या डब्यातली भाकरी दिली होती. मला बघून उठल्या. म्हणाल्या, "लय लांब हाये का गं समुद्र? आता निघायचं का?"

मी म्हटलं, आता घरी काकू, उशीर झालाय. शिवादादा खाली उतरला, त्याने हात धरून त्यांना वर घेतलं.

इथवर चूक म्हणता येईल, ना? घाई, निष्काळजीपणा. इथवर मी आईला सांगू शकले असते कदाचित. खरं पुढे आहे.

द्वारकाला प्रवीणदादा घ्यायला आला होता. काकू उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "आरं, मला सोडून गेले हे. दिवसभर टपरीवर बसले मी." दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्यांना माझ्या जबाबदारीवर नेलं होतं. आणि मी काय केलं माहितीये? मी काकूंच्या मागे उभी राहून मान हलवली. नाही, अशी. हळूच. मग दादाला बाजूला घेऊन म्हणाले, दादा, राजवाड्यात थोडा वेळ चुकल्या होत्या त्या, घाबरल्या बहुतेक. मग सापडल्या, समुद्रावर पण आल्या आमच्याबरोबर. आता असं का म्हणतायत कळत नाही. घरी पण होतं का असं?

"घरी पण होतं का असं." किती काळजीने विचारलं मी ते.

दादा पांढरा पडला. म्हणाला, परवा गॅस चालू राहिला होता. मी म्हटलं, एकदा दाखवून घ्या. प्लीज, लक्षात घे — हे मी बोलले. दाखवून घ्या, हे मी बोलले.

मग दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. काकू डॉक्टरांना पण तेच सांगायच्या, मला दिवसभर टपरीवर बसवलं, आणि त्या जितक्या ठामपणे सांगायच्या तितकी घरच्यांची खात्री पटायची. बाजारात बसणं बंद. मागच्या दाराला कुलूप, कारण रानात एकट्या जातील. फोन काढून घेतला, कुणाला काहीही सांगतात म्हणून. रान दादाने दुसऱ्याला करायला दिलं.

एकदा आईने माझ्या हाती डबा पाठवला, तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. "खरं सांग चोरटे, तू मला अकरा म्हणालेलीस ना? आन् समुद्रावर मी नव्हते ना?" सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून त्या बारीक आवाजात बोलत होत्या. त्यांच्याकडे विचारायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या हाताशी एकच माणूस होतं ज्याला खरं माहीत होतं, आणि ते समोर बसलं होतं.

मी म्हणाले, "काकू, साडेदहा म्हटलं होतं मी. दोनदा. आणि तुम्ही आला होतात की समुद्रावर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ नाही. मग मान डोलावली आणि डबा उघडून बघायला लागल्या.

त्यानंतर त्यांनी भांडायचं सोडलं. आता त्यांना कोणी काही सांगितलं तर म्हणतात, आसन बाबा. सुनेने जेवलात ना म्हटलं की, जेवले आसन. खरंच विसरायला लागल्या असतील का? वयच आहे, आधीपासून असेलही. गॅस तर राहिलाच होता ना चालू. हा विचार मी इतक्यांदा केलाय की तो गुळगुळीत झालाय. तो मला इथे वापरायचा नाहीये.

आणखी एक आहे.

ती ओटीची पिशवी. त्या रात्री सीटखालीच राहिली. गाडी धुताना शिवादादाला सापडली, त्याने माझ्या हातात दिली, म्हणाला, ज्याचं त्याला पोचव. मी घरी आणली. परत दिली असती तर घरच्यांना कळलं असतं ना, समुद्रावर गेल्या तर ओटी तशीच कशी? म्हणून ठेवली. माझ्या कपाटात वर, स्वेटरच्या मागे.

गेल्या आठवड्यात काकू ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. मला हाक मारली. चोरटे नाही म्हणाल्या, नावाने मारली. म्हणाल्या, "मी लय विचार केला. मला आठवत तर नाय. पण नारळ घरात कुठंच नाय गं, खण पण नाय. सगळं शोधलं मी. म्हंजी मी ओटी भरलीच आसन." आणि हसल्या. सुटल्यासारख्या हसल्या. "कसा होता गं समुद्र? सांग ना. भरलेला होता का?"

मी पायरीवर बसले आणि सांगितलं. माझं कामच आहे ते. म्हटलं, भरलेला होता काकू. तुम्ही चपला काढून घोट्यापर्यंत आत गेलात, लाट आली तशी माझा हात घट्ट धरलात. नारळ टाकला तर तो परत तुमच्या पायाशी आला, मग तुम्ही अजून आत जाऊन सोडलात. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "परत आला व्हता? आगंबाई." मग म्हणाल्या, "परत एकदा सांग."

मी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी जास्त चांगलं जमलं.

नारळ आत्ता माझ्या कपाटात आहे. सुरुवातीला हलवला की आत पाणी वाजायचं. आता वाजत नाही.